छर्‍यांच्या फटीतून निसटणारी तबकडी

टीव्हीवर ऑलिंपिकची ट्रॅप नेमबाजी लागली होती. नारंगी तबकडी उडाली, धाड आवाज झाला आणि तबकडीचा चुरा झाला. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, यात कसला आलाय नेम? एका बारात शेकडो छर्रे सुटतात. एखादा लागणारच की!" शॉटगनबद्दल हा समज इतका पक्का आहे की रायफल चालवणारेही थट्टेत हेच ऐकवतात. मी त्याला म्हटलं, कागद-पेन्सिल आण.

आधी छर्रे मोजू. ऑलिंपिकच्या काडतुसात छर्‍यांचं वजन 24 ग्रॅमच्या घरातच ठेवावं लागतं. ट्रॅपला साधारण 2.4 मिमी व्यासाचे छर्रे वापरतात. शिसं पाण्याच्या अकरा पट जड, म्हणजे असा एक छर्रा भरतो 0.08 ग्रॅम. भागाकार केला की एका काडतुसात 300 छर्रे. भाचा खूश!

आता तबकडी. तिला 'क्ले' म्हणतात, पण तिच्यात माती नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबराच्या जातीचं पिच यांची ती बनते. व्यास 11 सेंमी, उंची अडीच सेंमी, वजन 105 ग्रॅम. ट्रॅपमध्ये ती खेळाडूपासून दूर पळत असते, त्यामुळे त्याला बशीचं गोल तोंड दिसत नाही, कड दिसते. ती 11 बाय अडीच, म्हणजे फार तर 25 चौरस सेंमी. छर्‍याला लागायला जागा आहे ती एवढीच.

बंदुकीचा 'पॅटर्न' जोखायची जुनी रीत अशी: 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर मोठा कागद लावायचा, बार टाकायचा आणि 76 सेंमी व्यासाच्या वर्तुळात किती भोकं पडली ते मोजायचं. हाफ चोकच्या, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या नळीतून साधारण 60 टक्के छर्रे वर्तुळात पडतात, असा ठोकताळा आहे. म्हणजे 180. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 4,560 चौरस सेंमी. एका चौरस सेंमीच्या वाट्याला 0.04 छर्रा. तबकडीच्या 25 चौरस सेंमीच्या वाट्याला किती?

एक. तीनशेपैकी सरासरी एक!

आणि 'सरासरी एक' म्हणजे 'दर वेळी एक' नव्हे, खरी गंमत इथेच आहे. छर्रे रांगेत उभे राहून जात नाहीत. पावसाच्या थेंबांसारखे कुठेही पडतात. फरशीवर भुरभुर पाऊस पडला की काही फरशांवर तीन थेंब दिसतात आणि काही कोरड्याच राहतात, तसं. अशा विखुरण्याचा हिशेब पॉयसाँ वितरणानं करतात. सरासरी 1 असेल तर शून्य छर्रे लागण्याची शक्यता e चा उणे पहिला घात, म्हणजे 0.37. (हे वाक्य डोक्यावरून गेलं तर खुशाल सोडा, पुढचं धरा.) नेम अचूक असूनही शंभरातल्या सदतीस तबकड्या फटीतून सहीसलामत निसटतील. हीच तबकडी गोल तोंड दाखवत आली असती तर सरासरी जवळजवळ चार छर्रे लागले असते आणि चाळिसात एखादीच वाचली असती. प्रत्यक्षात वर्तुळाच्या मध्याशी छर्रे जरा दाट असतात, म्हणून चित्र थोडं बरं असतं. कडेला मात्र आणखी विरळ.

हे मी कागदावर करून पाहिलं आहे. पुठ्ठ्यात 11 बाय अडीचची खिडकी कापली आणि भोकं पडलेल्या कागदावर ती सरकवत गेलो. पेन्सिलीनं रिकाम्या जागा रंगवायला लागलो, तर दहा मिनिटांत कागद चट्ट्यापट्ट्यांचा झाला.

आता बंदूक निवडताना चोक का बघतात ते कळेल. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साडेअठरा मिमी. तोंडाशी ती साधारण 1 मिमीनं अरुंद केली की फुल चोक, अर्ध्या मिमीनं केली की हाफ. फुल चोकला वर्तुळात 70 टक्के छर्रे, अजिबात चोक नसेल तर 40. म्हणून दूर पळणार्‍या तबकडीसाठी घट्ट चोक. स्कीट या दुसर्‍या नेमबाजी प्रकारात तबकडी वीसेक मीटरवर आडवी जाते. तिथे खुली नळी आणि 2 मिमीचे बारीक छर्रे. व्यास 2.4 वरून 2 झाला की वजन घनाच्या हिशेबानं घटतं, आणि तेवढ्याच 24 ग्रॅममध्ये 500 च्या वर छर्रे बसतात. मग सगळीकडे बारीकच का नाही वापरत? हलका छर्रा हवेत लवकर दमतो. दूरवर पोचेपर्यंत त्याच्यात तबकडी फोडायचा जोर उरत नाही.

तरी नेम धरायचा कुठे? आडव्या तबकडीच्या पुढच्या रिकाम्या हवेत. 20 मीटर जायला छर्‍यांना 0.057 सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला 20 मीटरनं जाणारी तबकडी 1.14 मीटर पुढे सरकते, म्हणजे दहा तबकड्या ओळीनं मांडाव्यात इतकी. काही जण सांगतात की नळी फिरवली की छर्रेही आडवे फेकले जातात. जातात, पण नळीचं टोक सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकत असतं. त्यातून मिळतात सहा सेंमी. बाकीचा मीटरभर पुढे रोखूनच भरून काढायचा. 'मी तर थेट तबकडीवरच मारतो' म्हणणारा खेळाडू खोटं बोलत नसतो. त्याची नळी मागून वेगानं येते आणि मेंदूनं हुकूम दिल्यापासून बार सुटेपर्यंत पुढे निघून गेलेली असते. चाप ओढताना नळी थांबली की बार मागेच जातो. नवशिक्याचे बहुतेक बार असेच वाया जातात.

'जलद' काडतुसांच्या जाहिराती याच संदर्भात वाचाव्यात. छर्‍यांचा सरासरी वेग सेकंदाला 350 मीटरवरून 370 केला तर त्या मीटरभरात फरक पडतो सहा सेंमीचा, अर्ध्या तबकडीएवढा. खांद्याला धक्का मात्र जास्त बसतो. शकुनाचं काडतूस ठरावीक खिशात ठेवणारेही पाहिलेत. ते निदान स्वस्तात पडतं.

त्यापेक्षा दस्ता बघा. शॉटगनला मागची माशी नसते. ते काम डोळा करतो. गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा 3 मिमी वर राहिला, तर 30 मीटरवर बार 9 सेंमी वर जातो. म्हणून दस्त्याची उंची आणि लांबी अंगाला बसली पाहिजे, आणि आपला कोणता डोळा हुकमी आहे, म्हणजे नेम धरताना मेंदू कोणत्या डोळ्याचं ऐकतो, हे आधी तपासलं पाहिजे. त्यानंतर वजन: साडेतीन किलोच्या आसपासची बंदूक धक्का कमी देते आणि एकसारखी फिरते. नक्षीकाम शेवटी.

भाच्याला मी टेबलाच्या खणातली एक तबकडी दाखवली. सरावाच्या मैदानावर गवतात सापडलेली, अख्खी. मधोमध एक स्वच्छ गोल भोक. नियम असा की दिसेल असा निदान एक तुकडा उडायला हवा, नुसती धूळ चालत नाही. त्यानं भोकातून डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, "मग याचे गुण?"

"शून्य."