डबलडेकरच्या जिन्यावरून बॅडमिंटनच्या कोर्टावर

निवृत्तीनंतर एखादा छंद हवा, हे आपल्याकडे वेळ जावा म्हणून सांगितलं जातं. घाम काढणारा छंद आयुष्यही वाढवू शकतो, या विचाराची सुरुवात मात्र लंडनच्या बसमध्ये झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकार वाढत होता. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासायला घेतल्या. बस एकच, पण ड्रायव्हर पाळीभर बसून आणि कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. मुंबईची जुनी डबलडेकर आठवते त्यांना तो अरुंद जिना वेगळा सांगायला नको. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: कंडक्टरांना झटका कमी येतो, आला तरी उशिरा. मग जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं मागवली! ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच रुंद निघाल्या; पण सारख्या मापाच्या माणसांतही कंडक्टरच सुरक्षित होते.

पुढे कामं बैठी होत गेली, तेव्हा त्यांनी मोर्चा फावल्या वेळाकडे वळवला. हजारो सरकारी नोकरांना सोमवारी सकाळी विचारलं, शुक्रवारी-शनिवारी काय केलंत? पोहणं, भरभर चालणं, बागेत खणणं असं दमवणारं काही करणाऱ्यांचं हृदय जास्त शाबूत होतं. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांचा पंचवीस वर्षं माग काढून २०१८ साली आकडे जाहीर झाले. बैठ्या लोकांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७, बॅडमिंटनवाले ६.२, तर जिमला जाणारे १.५ वर्षं जास्त जगत होते. हे खेळामुळेच झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, हे संशोधकांनीच बजावलं आहे. मुळात धडधाकट आणि सुखवस्तू माणसंच टेनिसकडे वळत असतील. तरी सोबतीने खेळल्याचा फायदा जास्त होत असावा, हा संशोधकांनी मांडलेला मुद्दा मला मनापासून पटतो. पुण्यात, जिथल्या इंग्रज छावणीत बॅडमिंटनला ‘पूना’ म्हणत, आजही सकाळी सातला गुडघ्यावर नी-कॅप चढवून डबल्स खेळणारे सत्तरीतले काका दिसतात. त्यातला एक जण आला नाही, तर उरलेले तिघं कोर्टावरूनच त्याला फोन लावतात.