जुनाट कंबरदुखी : शस्त्रक्रियेचा निर्णय

कंबरेचे दुखणे 12 आठवड्यांहून अधिक टिकले की ते जुनाट मानतात. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’ हे आपल्याकडे एकाच अर्थाने बोलले जाते; उपचार ठरवताना मात्र यांतला फरक मोलाचा ठरतो. दबलेली नस शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. नुसती झिजलेली कंबर तिने पूर्ववत होत नाही.

म्हणून आधी पाहायचे, दुखते कुठे? नितंबातून मांडी-पोटरीमार्गे पावलापर्यंत कळ जात असेल (सायटिका, आयुर्वेदातील गृध्रसी), तर दोन मणक्यांमधून बाहेर आलेली गादी (डिस्क) नसेच्या मुळावर टेकलेली असण्याचा संभव असतो. हा संबंध 1934 मध्ये मिक्स्टर आणि बार या बॉस्टनच्या शल्यचिकित्सकांनी ठळकपणे मांडला. पुढे कळले की बाहेर आलेला भाग अनेकदा आपोआप आक्रसतो. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या 283 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ, वाट पाहणाऱ्या गटापेक्षा लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के रुग्ण बरे होते. वाट पाहणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. थोडक्यात, इथे बरेचदा वेदनेचे काही महिने वाचवायचे की टेबलावर जाणे टाळायचे, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर रुग्णाचेच असायला हवे.

पायात कळ नसून केवळ कंबर दुखते, तेव्हा मणके स्क्रू-सळ्यांनी जोडण्याचा सल्ला सावधपणे घ्यावा. नियोजनबद्ध व्यायाम आणि दुखण्याची भीती घालवणारे मार्गदर्शन यांच्या तुलनेत त्याचा फायदा नॉर्वे व ब्रिटनमधील चाचण्यांत फारसा वेगळा दिसला नाही. नुसत्या एमआरआयवरूनही निर्णय होत नाही. 1994 च्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांपैकी निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. अहवालातला ‘डिस्क बल्ज’ वाचून घाबरलेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायलाच हवे.

शस्त्रक्रियेविना उपचार म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. चालणे, फिजिओथेरपी, वेदनाशामके आणि झेपेल तसे कामावर परतणे, हा त्याचा गाभा आहे. पट्ट्याचा उपयोग तात्पुरता.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडत जाणे, ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो.