गोवर होऊन गेलेला बरा?

‘गोवर काय, आम्हा सगळ्यांनाच झाला होता. एकदा होऊन गेला की अंगात ताकद येते.’ नऊ महिन्यांच्या बाळाचं लसीकरण कार्ड हातात घेऊन विचारात पडलेल्या आईबापांना हे बहुतेक वेळा घरातूनच ऐकावं लागतं. शंका येणं गैर नाही. धडधाकट लेकराला सुई टोचून घ्यायची, तीही समोर न दिसणाऱ्या आजारासाठी! पण गोवराने ताकद येते हे साफ चूक आहे, आणि त्यामागचं कारण विलक्षण आहे.

एकदा भेटलेल्या जंतूची ओळख वर्षानुवर्षं जपण्याचं काम बी आणि टी प्रकारच्या स्मृतिपेशी करतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१५० नावाचं प्रथिन असतं. गोवराच्या विषाणूला पेशीत शिरायला नेमकं हेच प्रथिन लागतं. श्वासातून तो फुप्फुसात येतो, तिथल्या भक्षकपेशींत शिरतो, त्या त्याला लसिकाग्रंथींत नेऊन सोडतात, आणि तिथे स्मृतिपेशी दाटीवाटीने असतातच. त्या भराभर मरू लागतात. अंगावर पुरळ उठतं तेव्हा टी पेशी त्वचेतल्या बाधित पेशी मारत असतात. पुढे ताप उतरतो, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींचा आकडाही लवकरच पूर्ववत दिसतो. फसगत इथेच होते. नव्याने भरलेल्या पेशींतल्या पुष्कळशा फक्त गोवराला ओळखणाऱ्या असतात. गोवर पुन्हा होत नाही हे खरं, पण इतर जंतूंची पाटी बरीचशी पुसली गेलेली असते.

नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की इतर जंतूंविरुद्धच्या त्यांच्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. म्हणजे गोवरातून उठलेल्या पोराला न्यूमोनिया आणि जुलाबाचा धोका पुढेही राहतो. बाजारातल्या कुठल्याही ‘इम्युनिटी बूस्टर’ काढ्याने ही गेलेली ओळख परत येत नाही. देवीचा कोप समजून कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा आणि दवाखाना टाळायचा, हे तर जिवावर बेततं. गोवरात अ-जीवनसत्त्वाचे डोस लागोपाठ दोन दिवस द्यावे लागतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २०२२च्या अखेरीस गोवंडीत साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली, हे विसरता येत नाही.

नऊ महिन्यांना देतात त्या एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. तो शरीरात थोडा वाढतो, म्हणून काही बाळांना ताप येतो तो सात ते बारा दिवसांनी. आईकडून आलेल्या अँटीबॉडी या दुबळ्या विषाणूलाही निकामी करतात. त्या ओसराव्यात म्हणून नऊ महिने थांबायचं, आणि पहिल्या डोसने ज्यांच्यात संरक्षण तयार झालं नाही त्यांच्यासाठी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८चा लेख अवघ्या १२ मुलांवरचा होता, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध आढळला नाही.

साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असला तरी लस टाळू नये. बाळावर कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा आधीच्या लसीने गंभीर अ‍ॅलर्जी झाली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. तारीख हुकली असेल तरी कार्ड घेऊन जा. सरकारी केंद्रात ही लस पाच वर्षांपर्यंत देतात.