कोयीतला भुंगा आणि 400 ग्रे

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हापूसची पेटी उघडली की गिऱ्हाईक आधी देठाशी वास घेतं आणि मग एकच प्रश्न विचारतं: साका, म्हणजे गरातला पांढरट, न पिकलेला भाग, निघणार नाही ना? हाच आंबा अमेरिकेला पाठवायचा तर तिथल्या कृषी खात्याला साक्याचं सोयरसुतक नाही. साक्याने खाणाऱ्याचा विरस होतो, पण तो एका बागेतून दुसरीत जात नाही. त्यांना धास्ती आहे ती फळमाशीची आणि कोयीतल्या भुंग्याची.

हा भुंगा भलताच फसवा आहे. फळ लहान असतानाच मादी सालीवर अंडं घालते. कोय मऊ असते तोवर अळी गरातून वाट काढत तिच्यात शिरते. पुढे गर भरतो, वाट बुजते, कोय टणक होते. वरून आंबा निर्दोष दिसतो. कोय फोडली तर आत कुरतडून काळी पडलेली बी आणि जेमतेम 8 मिलिमीटरचा मळकट भुंगा सापडतो. अशा फळाची बाहेरून कितीही तपासणी केली तरी हाती काही लागत नाही.

म्हणून 2007 मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते विकिरणाच्या, म्हणजे फळांवर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. प्रत्येक फळाला किमान 400 ग्रे मात्रा मिळायला हवी. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक जूल ऊर्जा. 400 ग्रेने आंबा सुमारे 0.1 अंशाने तापतो, पण किरण कोय भेदून आतल्या किड्याचा डीएनए तोडतात. फळमाशीला 150 ग्रे पुरतात, भुंग्याला 300 लागतात. 400 मध्ये इतर बहुतेक किडेही येतात. पतंगवर्गातले कोष आणि प्रौढ तेवढे सुटतात.

लासलगावचं विकिरण केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं, तर वाशीचं पणन मंडळाचं, ज्याचं मुख्यालय इथेच गुलटेकडीला आहे. या केंद्रांतली खरी कसरत खोक्यांच्या रचनेची. थप्पीच्या कडेच्या फळांना जास्त मात्रा मिळते, मधल्यांना कमी. मधल्याला 400 मिळाली पाहिजे आणि कडेच्याची 1000 च्या वर जाता कामा नये, कारण ताज्या फळांसाठी अमेरिकेची ती कमाल मर्यादा आहे. आकार बदललेली खोकी आली तर मात्रेची मोजणी नव्याने करावी लागते. विकिरण झालेली आणि न झालेली खोकी एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, आणि खोक्याच्या भोकांतून माशी आत शिरता कामा नये.

बुरशीची अट वेगळी: हंगामात बागेत बुरशीनाशकाची फवारणी, किंवा काढणीआधी बागेची पाहणी, किंवा काढणीनंतर फळं बुरशीनाशकात बुडवणं. तिन्हींपैकी एक चालतं. शिवाय फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीडरोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, लागतंच.

या मात्रेत किडा लगेच मरेलच असं नाही. त्याची वीण थांबते, एवढंच. त्यामुळे अमेरिकेच्या विमानतळावर जिवंत किडा दिसला तरी प्रक्रिया फसली असं म्हणता येत नाही, आणि दिसला नाही म्हणून ती झाली असंही नाही. पुरावा उरतो तो डोसमीटरच्या, म्हणजे मात्रा मोजणाऱ्या साधनाच्या, नोंदी आणि प्रक्रिया झाल्याचा दाखला असलेला ‘पीपीक्यू 203’ हा फॉर्म. मे 2025 मध्ये याच फॉर्मवरून आंब्याच्या 15 खेपा अमेरिकेत अडल्या. परत न्या किंवा नष्ट करा, असे दोनच पर्याय दिले गेले. नाशवंत माल विमानाने परत आणणं परवडत नाही, म्हणून तो तिथेच नष्ट झाला.

युरोप आणि जपानचा रोख मुख्यतः फळमाशीवर, म्हणून तिथे उष्णतेवर भागतं. युरोपसाठी 48 अंशांच्या पाण्यात 60 मिनिटं, जपानसाठी वाफेने गर 47.5 अंशांवर नेऊन 20 मिनिटं. कोवळं फळ यात भाजतं, तेव्हा काढणी नीट तयार फळाचीच करावी.

आणि अमेरिकेत लेकाला भेटायला जाताना बॅगेत चार हापूस न्यायचं मनात असेल, तर ते जमणार नाही. घरच्या फळावर ना विकिरण, ना सर्टिफिकेट. विमानतळावर स्वतःहून सांगितलं तर फळं तेवढी जप्त होतात. लपवली आणि सापडली तर वर दंडही भरावा लागतो.