थायरॉईडची गोळी चार दिवस चुकली तर?

आतड्याचं ऑपरेशन झालं आणि शेजारच्या काकूंच्या पलंगाला ‘एनबीएम’ची पाटी लागली. तोंडाने काही म्हणजे काही नाही. काकूंना घोर वेगळाच. उशीखालून थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली काढून म्हणाल्या, “एक सकाळ चुकवली नाही रे मी आजवर. सलाईनमधून तरी द्या म्हणावं!”

सलाईनवर आपल्या लोकांचा भारी विश्वास. पण इथे घाई नव्हती, आणि का ते सोलापूरकराला सांगायला नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? तरी चहा अडत नाही, कारण टाकी, पिंप, घागरी भरलेल्या असतात. गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे टी४, रक्तात असंच साठून असतं. ९९.९ टक्क्यांहून जास्त टी४ प्रथिनांना चिकटलेलं. बहुतेक थायरॉक्सिन-बाइंडिंग ग्लोब्युलिनला, थोडं ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिनला. पेशीत शिरतं ते मोकळं, कणभर. ते खर्ची पडलं की प्रथिनं आणखी थोडं सोडतात. चिकटलेलं टी४ मूत्रपिंडातून सहसा गळून जात नाही, म्हणून त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ७ दिवस. आज १०० भाग असतील तर तिसऱ्या दिवशी ७४ उरतात, पाचव्या दिवशी ६१. पुढे डीआयोडिनेज विकरं टी४ मधला एक आयोडीन काढून टी३ बनवतात. खरं काम या टी३चं. ते दिवसभरात निम्मं होतं, पण टाकीतून पुन्हा भरतं.

म्हणून प्रकृती स्थिर असेल तर पाचेक दिवस डॉक्टर वाट पाहू शकतात. त्याहून लांबलं आणि आतडं चालत असेल, तर गोळी कुटून पाण्यातून नाकातल्या नळीने देतात. त्या वेळी नळीतलं अन्न थांबवतात, नाहीतर औषध त्यातच अडकतं. आतडंच बंद असेल तर शिरेतून इंजेक्शन, तेही गोळीच्या साधारण ७५ टक्के. गोळी पूर्ण शोषली जात नाही, शिरेतलं मात्र सगळं रक्तात पोचतं. मिक्सिडीमा कोमात, म्हणजे थायरॉईड फार कमी पडून जीवावर बेतलं असेल तेव्हा, हा संयम चालत नाही, तिथे इंजेक्शन लगेच हवं.

गंमत म्हणजे हा उपचार सुरू झाला तोच सुईने. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली. आणि आपण आज ‘थायरॉईड मुळासकट घालवणारा काढा’ फॉरवर्ड करतोय!

पाचव्या दिवशी घोटभर पाण्याची परवानगी मिळाली. काकूंनी आधी बाटली मागितली, मग पाणी.