तामागावा: अंगाला औषध, भाताला विष

जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर भागात आकिता नावाचा प्रांत आहे. बर्फ भरपूर, उन्हाळा छोटा आणि सपाटीवर नजर जाईल तिथवर भातखाचरं. १९८४ साली इथे पुढे आलेला ‘आकिताकोमाची’ तांदूळ आज जपानभर घराघरांत शिजतो. याच प्रांतातल्या सेन्बोकूच्या मैदानाला पाणी देणाऱ्या नद्यांपैकी एक म्हणजे तामागावा. पण अनेक पिढ्या इथले शेतकरी या नदीचं पाणी खाचरात घ्यायला कचरत. ‘तामागावाचं विषारी पाणी’ असाच शब्दप्रयोग तिथे रूढ होता. या विषाचा उगम वर डोंगरात आहे आणि तिथे लोक लांबून लांबून अंघोळीला येतात.

याकेयामा या जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी तामागावा ओनसेन आहे. ओनसेन म्हणजे गरम पाण्याचं कुंड आणि त्याभोवती उभं राहिलेलं स्नानगृह, धर्मशाळा असं सगळं. इथला मुख्य झरा ‘ओबुकी’. त्याचं पाणी ९८ अंश सेल्सिअसला उकळत बाहेर येतं, मिनिटाला सुमारे ९,००० लिटर. एकाच मुखातून इतकं पाणी देणारा दुसरा गरम झरा जपानमध्ये नाही. पाण्याचा पीएच १.२ च्या आसपास, म्हणजे आपल्या जठरातल्या आम्लाच्या तोडीचा. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र, आणि ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. त्यामुळे पीएच ७ च्या उदासीन पाण्याशी तुलना केली, तर ओबुकीच्या पाण्यात आम्लता देणारे हायड्रोजन आयन सहा लाख पटींहून जास्त भरतात.

हे आम्ल येतं कुठून? खाली शिलारस मुरत असतो. त्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये पाण्याच्या वाफेसोबत हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड असतात. वर येताना ते भूजलात विरघळतात आणि तिथे हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. तामागावात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वाटा मोठा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. हे पाणी वाटेतला खडक झिजवत येतं, म्हणून त्यात ॲल्युमिनियम आणि लोहही विरघळलेलं असतं.

आपल्या कोकणातही भातशेतीच्या मुलखात गरम झरे आहेत. उन्हवरे, राजापूर, आरवली ही नावं वाचकांना माहीत असतील. पण त्यांची जातकुळी वेगळी. दख्खनचा ज्वालामुखी थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. कोकणातलं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेनं तापतं आणि वर येतं. त्यात शिलारसाचे वायू मिसळत नाहीत, म्हणून ते असं जहाल आम्लधर्मी नसतं.

तामागावाच्या स्नानगृहात शिरलं की आधी डोळ्यांत भरतं ते लाकूड. भिंती, छत, हौद, पायऱ्या, सगळं लाकडी. आम्ल सिमेंटमधलं कॅल्शियम विरघळवतं आणि लोखंड खातं. लाकूड मात्र टिकून राहतं. हौद वेगवेगळे आहेत. एकात निम्मं झऱ्याचं आणि निम्मं साधं पाणी, दुसऱ्यात निव्वळ झऱ्याचं, अर्थात अंगाला सोसेल इतकं निववलेलं. जपानी रिवाजाप्रमाणे हौदात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं. पहिल्यांदा आलेल्यानं निम्म्या पाण्याच्या हौदापासून सुरुवात करावी. उतरल्यावर मिनिटभरात काल दाढी करताना कापलेलं, टाचेला पडलेली भेग, डासाचं खाजवलेलं, असं सगळं एकेक करून चुरचुरू लागतं. जिथे कातडीचा वरचा मृत थर शाबूत आहे तिथे काही होत नाही. तो फाटला असेल तिथे आम्ल थेट मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचतं. या पाण्यानं तोंड धुवायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत. चांदीची अंगठी आधीच काढून ठेवायची, कारण हवेतला हायड्रोजन सल्फाइड तिला काळी करतो. बाहेर आल्यावर साध्या पाण्यानं अंग धुऊन टाकावं.

बाहेर उघड्यावर, वाफाळणाऱ्या खडकांवर चटया अंथरून माणसं पडलेली दिसतात. यात दुर्धर आजाराचे रुग्णही असतात. इथे होकुतोलाइट नावाचं दुर्मीळ खनिज साचतं. बेरियम आणि शिसं यांच्या या सल्फेटमध्ये थोडं रेडियम असतं, म्हणून ते किरणोत्सारी आहे. तैवानमधल्या बेइतोऊप्रमाणे ते इथेही सापडतं आणि जपाननं त्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. त्याच्या किरणांनी कर्करोग बरा होतो, असं मानणारे बरेच आहेत. त्याला भक्कम पुरावा नाही. ऊब मिळते, स्नायू सैलावतात, बरं वाटतं, आणि तेही मोलाचं आहेच. पण त्यासाठी कुणी चालू उपचार सोडू नयेत, हे मला ठासून सांगायचं आहे.

आता पाण्याच्या मागोमाग खाली उतरू. अंघोळीला वापरलं जातं ते ओबुकीचं थोडंसं पाणी. बाकीचं ओढ्यातून तामागावा नदीला मिळतं. भाताला किंचित आम्लधर्मी माती आवडते, साधारण ५.५ ते ६.५ पीएचची. खाचरात पाणी तुंबलं की प्राणवायू संपतो, लोहाच्या संयुगांचं क्षपण होतं, म्हणजे ती इलेक्ट्रॉन घेतात, त्यात हायड्रोजन आयन खर्ची पडतात आणि मातीचा पीएच आपोआप उदासीनतेकडे सरकतो. भाताकडे ही अंगभूत सोय आहे. पण दर हंगामाला वरून नवं आम्ल येत राहिलं, तर ती पुरी पडत नाही. शिवाय विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं खुंटवतं आणि रोप खुरटं राहतं. १८४१ साली तागुची कोएमोन आणि त्यांच्या मुलानं या पाण्याचा बंदोबस्त करायचं काम हाती घेतलं आणि दहा-अकरा वर्षं ते चालवलं, पण प्रश्न सुटला नाही.

१९३४ मध्ये ईशान्य जपानमध्ये थंडीनं पीक बुडालं. भात वाढवायचा, तर पाणी हवं. शेजारीच ताझावा सरोवर होतं, ४२३.४ मीटर खोल, जपानमधलं सर्वांत खोल. तामागावा त्यात सोडायची, आम्ल विरळ करायचं, त्याच पाण्यावर वीज बनवायची आणि सिंचनही करायचं, असा बेत ठरला. १९४० मध्ये तो अमलात आला. कागदावर गणित सोपं होतं, पण विरळ झालं म्हणून आम्ल नाहीसं होत नाही. काही वर्षांतच सरोवरातले जवळजवळ सगळे मासे मेले. कुनिमासू हा सामन कुळातला मासा जगात फक्त इथेच होता. तो इतका मोलाचा, की एका माशाच्या बदल्यात एक शो, म्हणजे सुमारे १.८ लिटर तांदूळ मिळे असं सांगतात. तो संपला. युद्धकाळाच्या तोंडावर, भुकेच्या भीतीनं घेतलेला तो निर्णय मला समजू शकतो, तरी त्याची किंमत फार मोठी होती.

खरा उपाय सुरू व्हायला १९८९ साल उजाडलं. ओनसेनच्या खालच्या अंगाला तटस्थीकरण, म्हणजे आम्ल उदासीन करणारं केंद्र बांधलं गेलं आणि १९९१ पासून ते पूर्ण क्षमतेनं चालू लागलं. टाक्यांमध्ये चुनखडीचे बारीक खडे भरायचे आणि त्यातून झऱ्याचं पाणी न्यायचं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी तिची प्रक्रिया झाली की कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. आता मघाची हायड्रोक्लोरिक आम्लाची गोष्ट. सल्फ्युरिक आम्ल जास्त असतं, तर खड्यांवर जिप्समचा, म्हणजे सहसा न विरघळणाऱ्या कॅल्शियम सल्फेटचा थर चढून चुनखडी लवकर निकामी झाली असती. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून निघून जातं, खडा उघडाच राहतो आणि शेवटपर्यंत झिजत जातो. मिनिटाला ९,००० लिटर आणि पीएच १.२ धरून हिशेब मांडला, तर दिवसाला चाळीसेक टन चुनखडी लागते. तीही रोज, कारण झरा सुट्टी घेत नाही.

केंद्रातून निघणारं पाणी अजून आम्लधर्मीच असतं, पीएच साडेतीनच्या वर. पुढचं काम नदी आणि १९९० मध्ये पूर्ण झालेलं तामागावा धरण करतं. साधं पाणी मिसळत जातं, पीएच चढतो आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम अतिसूक्ष्म कणांच्या रूपानं वेगळं होतं. त्या कणांवरून निळा प्रकाश विखुरतो. ताझावाको स्थानकाहून ओनसेनला जाणारी बस धरणाच्या होसेन्को जलाशयाच्या काठानं जाते. तिथला गडद निळा रंग पाहून प्रवासी फोटो काढतात, तेव्हा कॅमेऱ्यात येते ती वर सुरू झालेली रासायनिक प्रक्रियाच.

कुनिमासूचं काय झालं? १९३५ मध्ये त्याची काही अंडी फुजी पर्वताजवळच्या सायको सरोवरात पाठवली होती. २०१० साली क्योटो विद्यापीठाच्या नाकाबो तेत्सुजी यांच्याकडे सायकोतले काही काळपट मासे आले. ते जपानमध्ये माशांसाठी प्रसिद्ध असलेल्या साकाना-कुन यांनी कुनिमासूचं चित्र काढताना संदर्भासाठी मागवले होते. तपासणीत ते कुनिमासूच निघाले. सत्तर वर्षं नामशेष मानलेला मासा दुसऱ्याच्या घरी सुखात नांदत होता. ताझावाकाठी त्याला परत आणायची इच्छा आहे आणि तिथल्या संग्रहालयात टाक्यांमध्ये तो पाळलाही जातो. सरोवराचा पीएच मात्र अजून ५ च्या आसपास रेंगाळतो आहे. पाणी आणखी सुधारेपर्यंत त्याला तिथे सोडता येणार नाही.