बंडखोर-अपात्रता कलम (अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती, कलम ३)

बंडखोर-अपात्रता कलम : राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेऊन नंतर तिच्याच विरुद्ध बंडात किंवा उठावात सामील झालेल्या व्यक्तीला पुन्हा सरकारी पदावर बसू न देणारी, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेतील तरतूद. चौदाव्या दुरुस्तीचे हे तिसरे कलम. पुरेशा घटक राज्यांची मान्यता मिळून ही दुरुस्ती ९ जुलै १८६८ रोजी राज्यघटनेचा भाग झाली. तेव्हा दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटल्याने पेटलेले यादवी युद्ध संपून तीन वर्षे लोटली होती. कलम अवघ्या दोन वाक्यांचे आहे. ते कोणाला लागू, कोणती पदे बंद, बंदी कोण उठवू शकेल, हे सगळे त्यात आहे. मात्र अमुक माणूस बंडखोर आहे हे ठरवायचे कोणी, एवढेच नेमके नाही. दीडशे वर्षांतील या कलमाची सारी कहाणी त्या एका रिकाम्या जागेभोवती फिरते.

स्वरूप : काँग्रेसचे (म्हणजे अमेरिकी संसदेचे) सदस्य, केंद्राचे अधिकारी, राज्य विधिमंडळांचे सदस्य, राज्यांचे प्रशासकीय आणि न्यायिक अधिकारी यांपैकी कोणीही म्हणून ज्याने शपथ घेतली होती, त्यालाच हे कलम लागते. दक्षिणेच्या सैन्यात लढलेला साधा शेतकरी त्यात सापडत नव्हता. सापडत होता तो खाल्ल्या घरचे वासे मोजणारा पुढारी. शत्रूला साहाय्य करणाराही त्यात येतो. अशा माणसाला काँग्रेसचे सदस्यत्व, अध्यक्षीय निवडणुकीतील निर्वाचकपद (राज्याच्या वतीने अध्यक्षासाठी मत देणाऱ्याचे पद) आणि केंद्रातील वा राज्यातील कोणतेही मुलकी वा लष्करी पद बंद होते. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी (प्रतिनिधिगृह आणि सेनेट) दोन-तृतीयांश मतांनी ठरवले तरच बंदी उठते. फौजदारी खटल्यात दोषी ठरण्याची अट कलमात नाही. भारताच्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या (१९५१) आठव्या कलमाखालील अपात्रता दोषसिद्धीवर अवलंबून असते. हे कलम त्यापेक्षा वेगळे ते इथेच.

मराठी वाचकाची शब्दामुळे एक गफलत होण्याचा संभव आहे. ‘बंडखोर’ आणि ‘अपात्रता’ हे शब्द जोडीने आले की महाराष्ट्रात २०२२ नंतरचा आमदार-अपात्रतेचा वाद आठवतो. तो वाद राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदीचा होता, आणि त्यातले बंड पक्षाविरुद्धचे होते. एक मात्र खरे : दहाव्या अनुसूचीत निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांनी द्यावा असे स्वच्छ लिहिलेले आहे. तो निर्णय किती लवकर आणि किती निःपक्षपातीपणे होतो हा निराळा प्रश्न. निदान दार कोणाचे ठोठवायचे ते माहीत असते.

पार्श्वभूमी : एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शरणागती पत्करली आणि त्याच आठवड्यात अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन याने बंडखोरांना घाऊक माफ्या वाटल्या. वीस हजार डॉलरहून अधिक मालमत्ता असणाऱ्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागे, पण त्यांचेही अर्ज मंजूर होत गेले. डिसेंबर १८६५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा दक्षिणेकडून निवडून आलेल्यांत बंडखोर सरकारातले आणि सैन्यातले ओळखीचे चेहरे होते. प्रतिनिधिगृहाच्या सचिवाने हजेरी घेताना त्यांची नावे सरळ गाळली. जॉर्जियाच्या विधिमंडळाने तर १८६६ च्या आरंभी अलेक्झांडर स्टीव्हन्स याला सेनेटवर निवडले. हा गृहस्थ वर्षभरापूर्वीपर्यंत बंडखोर राज्यसंघाचा उपाध्यक्ष होता.

यावर तोडगा म्हणून प्रतिनिधिगृहाने आधी बंडात स्वेच्छेने सामील झालेल्यांचा केंद्रीय निवडणुकांतील मताधिकार ४ जुलै १८७० पर्यंत काढून घेण्याचे सुचवले होते. सेनेटने ते बदलले : मतदान करू द्यावे, पद देऊ नये. त्यामुळे बंदी थोड्यांवर आली; पण तिला मुदत राहिली नाही. बंदी उठवण्याचा अधिकार अध्यक्षाकडे न ठेवता काँग्रेसकडे घेतला, तोही दोन-तृतीयांशाच्या अटीवर. जॉन्सनच्या सढळ हाताचा अनुभव त्यामागे होता.

अंमलबजावणी आणि माफी : कलमाचा अर्थ लावण्याचा पहिला गाजलेला प्रसंग १८६९ चा. व्हर्जिनियात सीझर ग्रिफिन नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला ह्यू शेफी या न्यायाधीशाने शिक्षा दिली होती. शेफी स्वतः बंडकाळात राज्य विधिमंडळात बसलेला. तेव्हा तो न्यायाधीशच राहू शकत नाही आणि त्याने दिलेली शिक्षाही टिकत नाही, असा ग्रिफिनचा युक्तिवाद होता. सरन्यायाधीश सॅमन चेस याने फिरत्या न्यायालयात बसून तो फेटाळला. काँग्रेसने अंमलबजावणीचा कायदा केल्याशिवाय कलम आपोआप लागू होत नाही, असे त्याने म्हटले. गंमत अशी, की थोडेच महिने आधी बंडखोरांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याच्यावरील देशद्रोहाच्या खटल्यात याच चेसचा कल उलट होता : कलम तीनने डेव्हिसला शिक्षा आधीच झाली आहे, मग दुसरी कशाला? म्हणजे बंडखोरांच्या नेत्याला वाचवताना कलम आपोआप लागू झाले आणि कैदी ग्रिफिनला त्याचा आधार हवा होता तेव्हा ते निद्रिस्त निघाले. ग्रिफिन-प्रकरणाचा हा निकाल २०२४ मध्ये पुन्हा वर काढला गेला.

१८७० मध्ये काँग्रेसने कायदा करून अपात्र पदाधिकाऱ्यांना हटवण्यासाठी दावे लावण्याचे काम केंद्राच्या सरकारी वकिलांवर सोपवले. उत्तर कॅरोलायनाचा युद्धकालीन गव्हर्नर झेब्युलन व्हान्स त्याच वर्षी सेनेटवर निवडून आला. त्याला आसन मिळाले नाही आणि शेवटी त्याने नाद सोडला. पण उत्तरेकडचा उत्साह ओसरत चालला होता. व्यक्तिशः माफीच्या विधेयकांतून शेकड्यांनी नावे सुटत होतीच. २२ मे १८७२ च्या माफी-कायद्याने उरलेल्यांपैकी बहुतेक सर्व मोकळे झाले. युद्धाच्या तोंडावर काँग्रेसमध्ये, केंद्राच्या न्यायखात्यात, लष्करात वा वरिष्ठ पदांवर असलेले सुमारे पाचशे लोक तेवढे वगळले. स्टीव्हन्स १८५९ मध्येच काँग्रेसमधून बाहेर पडला असल्याने या अपवादात आला नाही. १८७३ मध्ये तो प्रतिनिधिगृहात परतला आणि १८८२ मध्ये जॉर्जियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. व्हान्सही १८७९ मध्ये सेनेटर झाला. स्पेनशी युद्ध सुरू असताना, राष्ट्रीय एकजुटीच्या वातावरणात, ६ जून १८९८ रोजी शेवटच्या थोड्यांवरची बंदीही उठली.

विल्मिंग्टन, १८९८ : या माफीला सहा महिनेही झाले नव्हते. १० नोव्हेंबर १८९८ रोजी उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र ‘डेली रेकॉर्ड’ याची इमारत जाळली, कित्येक कृष्णवर्णीयांना ठार मारले आणि गोऱ्या-काळ्यांचे मिळून चालणारे, लोकांनी निवडलेले नगरशासन बंदुकीच्या धाकाने राजीनामे घेऊन घालवले. जमावाचा म्होरक्या आल्फ्रेड वॉडेल त्याच दिवशी महापौर झाला. वॉडेल हा दक्षिणेच्या सैन्यातला माजी अधिकारी, आणि १८७१ ते १८७९ या काळात शपथ घेऊन प्रतिनिधिगृहात बसलेला. जूनमधली माफी मागच्या पापांची होती, पुढच्यांची नव्हे. तेव्हा कलम तीनचा विचार करायला याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (शहराचे शासन उलथणे म्हणजे राज्यघटनेविरुद्धचे बंड होय काय, हा वाद घालता येतो, पण तो घालण्याचीही वेळ आली नाही.) केंद्र सरकारने हस्तक्षेप केला नाही, कोणावर खटला झाला नाही. बराच काळ या घटनेला ‘दंगल’ म्हणत. मराठी माणसाला नावाची ही ओढाताण परकी नाही. १८५७ ला बंड म्हणावे की स्वातंत्र्यसमर, यावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वाद झाला.

विसाव्या शतकात कलम वापरले गेले ते भलत्याच माणसावर. मिलवॉकीचे समाजवादी नेते व्हिक्टर बर्जर यांना पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल हेरगिरी-कायद्याखाली शिक्षा झाली होती. नोव्हेंबर १९१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३११ विरुद्ध १ मताने त्यांना आसन नाकारले. पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले, पुन्हा नाकारले गेले. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली आणि १९२३ मध्ये ते सभागृहात बसले. ना बंदूक, ना जमाव. नुसत्या लेखणीवर बंडाचा शिक्का बसू शकतो, हा या प्रकरणाचा धडा कलमाचे विरोधक आजही दाखवतात, आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

६ जानेवारी २०२१ नंतर : अध्यक्षीय निवडणुकीची निर्वाचक-मते काँग्रेसमध्ये मोजली जात असताना पराभूत अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसद-भवनात घुसला आणि मोजणी काही तास थांबली. यानंतर जबाबदारी निश्चित करण्याची जी टोलवाटोलवी चालली तिला तोड नाही. १३ जानेवारीला प्रतिनिधिगृहाने २३२ विरुद्ध १९७ मतांनी ट्रम्प यांच्यावर बंडाला चिथावणी दिल्याचा महाभियोग मांडला. १३ फेब्रुवारीला सेनेटमध्ये ५७ जणांनी त्यांना दोषी ठरवले. ६७ हवे होते. रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी, माजी अध्यक्षावर महाभियोग चालत नाही असे म्हणून, निर्दोष मत दिले आणि लगोलग भाषणात फौजदारी न्यायालयाकडे बोट दाखवले. ट्रम्प यांच्या वकिलांचेही तेव्हा तेच म्हणणे होते. पुढे फौजदारी खटला उभा राहिला, तेव्हा वकिलांनी सांगितले की आधी सेनेटने दोषी ठरवायला हवे होते.

प्रतिनिधिगृहाच्या नऊ सदस्यांच्या चौकशी समितीने (अध्यक्ष बेनी थॉम्पसन, उपाध्यक्ष लिझ चेनी) डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल देऊन बंडाला मदत केल्याच्या फौजदारी कलमाखालीही ट्रम्प यांच्यावर खटल्याची शिफारस केली. विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये लावलेल्या चार आरोपांत मात्र ते कलम नव्हते. घुसखोरीबद्दल दीड हजारांहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. ‘ओथ कीपर्स’ संघटनेच्या प्रमुखाला राजद्रोही कटाबद्दल १८ वर्षांची, ‘प्राउड बॉइज’च्या प्रमुखाला २२ वर्षांची शिक्षा झाली. बंडाच्या मूळ फौजदारी कलमाखाली त्यांच्यातल्या कोणावरही आरोप नव्हता.

मग उरले कलम तीन. कोलोरॅडोत सहा मतदारांनी दावा लावला. त्यांत नॉर्मा अँडरसन या रिपब्लिकन पक्षाच्याच नव्वदी ओलांडलेल्या माजी आमदार होत्या. जिल्हा न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये म्हटले की ट्रम्प बंडात सामील होते, पण राष्ट्राध्यक्ष हा कलमातील ‘अधिकारी’ नव्हे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबरला चार विरुद्ध तीन मतांनी ते फिरवून त्यांना प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीसाठी अपात्र ठरवले. मेन राज्याच्या, निवडणुकांचे काम पाहणाऱ्या सचिवांनीही तसाच निर्णय दिला. ४ मार्च २०२४ रोजी, कोलोरॅडोच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने नऊच्या नऊ मतांनी कोलोरॅडोचा निकाल रद्द केला : केंद्रीय पदांसाठी हे कलम राबवण्याचा अधिकार घटक राज्यांना नाही. पाच न्यायमूर्ती आणखी पुढे गेले आणि काँग्रेसने कायदा केल्याशिवाय ते राबवता येणार नाही असे म्हणाले. ते पाऊल अनावश्यक होते, असे उरलेल्या चौघांनी नोंदवले. ट्रम्प बंडात सामील होते की नाही, यावर न्यायालयाने एक अक्षरही काढले नाही. १ जुलै २०२४ रोजी याच न्यायालयाने अधिकृत कृत्यांसाठी माजी अध्यक्षाला फौजदारी कारवाईपासून मोठे संरक्षण दिले. नोव्हेंबरात ट्रम्प निवडणूक जिंकले आणि विद्यमान अध्यक्षावर खटला चालवायचा नाही या न्याय-विभागाच्या धोरणानुसार स्मिथ यांनी आरोप मागे घेतले. २० जानेवारी २०२५ रोजी, जमाव ज्या घुमटाखाली शिरला होता तिथेच, ट्रम्प यांचा शपथविधी झाला. संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार जणांना माफी आणि चौदा जणांना शिक्षेत सूट मिळाली.

काँग्रेसने दुरुस्त केले ते मोजणीचे यंत्र. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने मतमोजणीतील उपाध्यक्षाचे काम निव्वळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले. एखाद्या राज्याच्या मतांवर आक्षेप घ्यायला पूर्वी प्रत्येक सभागृहातील एकेक सदस्य पुरे. आता एक-पंचमांश लागतात.

तुलनेसाठी ब्राझीलकडे पाहिले जाते. तिथे ८ जानेवारी २०२३ रोजी राजधानीतील तिन्ही सत्ताकेंद्रांवर जमाव चालून गेला. पण तिथे निवडणुकांचे वेगळे न्यायालयच आहे. त्याने त्याच वर्षी ३० जूनला माजी अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांना २०३० पर्यंत निवडणूकबंदी केली, तीही दंगलीसाठी नव्हे, परदेशी राजदूतांसमोर मतदान-यंत्रणेबद्दल खोटे पसरवल्याबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंडाच्या कटाबद्दल त्यांना २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा दिली. एकाच न्यायमूर्तीच्या हाती इतके अधिकार एकवटल्याची टीकाही तिथे जोरात आहे.

अमेरिकेत ६ जानेवारीच्या घटनेमुळे या कलमाखाली प्रत्यक्ष खुर्ची गेली ती एकाच माणसाची : न्यू मेक्सिकोतील ओटेरो परगण्याचा आयुक्त कूय ग्रिफिन. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या न्यायाधीशाने त्याला पदावरून काढले. आडनावाचा योगायोग सोडून देऊ; पद राज्यातले होते म्हणून तो निकाल टिकला, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील ऐकण्यास नकार दिला.